‘इंट्युइटिव्ह’ला मराठीत काय म्हणायचं? अंतर्ज्ञानापासून चाहुलीपर्यंत, नेमका शब्द निवडण्याची रीत

‘इंट्युइटिव्ह’ शब्द आला की आपण कोश उघडतो, तिथे ‘अंतर्ज्ञानी’ किंवा ‘सहजज्ञानाचा’ असं काहीतरी सापडतं, ते वाक्यात बसवतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. मीही बरीच वर्षं हेच करत होते. एकदा आरोग्यविषयक लेखाचं भाषांतर करताना मी लिहिलं, ‘अनुभवी परिचारिका अंतर्ज्ञानी असतात.’ मजकूर तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, ‘‘म्हणजे त्यांना पुढचं दिसतं का?’’ मूळ लेखात म्हटलं होतं ते एवढंच की, वर्षानुवर्षं नवजात बाळांजवळ उभ्या राहिलेल्या परिचारिकेला तपासणीचे आकडे हाती येण्याआधीच, नुसत्या रंगावरून आणि हालचालीवरून, बाळाचं काहीतरी बिघडतंय हे कळतं. मी वापरलेल्या शब्दानं तिची सगळी वर्षं पुसून टाकली आणि त्या जागी चमत्कार आणून ठेवला. तेव्हापासून या शब्दापाशी मी थांबते आणि मगच पुढे जाते. थांबल्यावर काय करते, ते इथे क्रमानं मांडते आहे.

पायरी १: आधी मूळ अर्थ पक्का करा

या शब्दाच्या मुळाशी ‘इन्तुएरी’ हे लॅटिन क्रियापद आहे. त्याचा अर्थ एखाद्या गोष्टीकडे निरखून पाहणं. म्हणजे शब्दाच्या पोटात विचार करणं नाही, पाहणं आहे. तर्कानं चालणारा माणूस एकेक पाऊल टाकत निष्कर्षापाशी पोचतो. इथे निष्कर्षच एकदम नजरेसमोर उभा राहतो. तीन खुणा लक्षात ठेवा: कळणं झटकन होतं, मधल्या पायऱ्या दिसत नाहीत, आणि ‘तुला कसं कळलं?’ असं विचारल्यावर उत्तर देताना माणूस अडखळतो.

आणखी एक गोष्ट फार लोकांच्या नजरेतून सुटते. मूळ शब्दात ते कळणं बरोबरच असलं पाहिजे अशी अट नाही. इंट्युइशन चुकू शकतं. मराठीत मात्र ‘ज्ञान’ म्हटलं की ते खरं असणं गृहीत असतं. ‘माझं अंतर्ज्ञान चुकलं’ हे वाक्य म्हणूनच कानाला खटकतं. ‘माझा अंदाज चुकला’, ‘होरा चुकला’, ‘आडाखा फसला’ यांत काहीच खटकत नाही. तेव्हा मूळ मजकुरात चुकण्याची शक्यता असेल, तर ‘ज्ञान’ हे शेपूट असलेला प्रत्येक शब्द बाजूला ठेवा. ही एकच चाळणी लावली तरी निम्मी चुकीची भाषांतरं गळून पडतात.

पायरी २: हे कळणं आलं कुठून, ते विचारा

माझ्या मते सगळी किल्ली इथे आहे. इंग्रजी या एका शब्दात चार-पाच वेगळ्या गोष्टी कोंबते. मराठीत त्या प्रत्येकीचं वेगळं घर आहे. कुठल्या घरात जायचं हे ठरलं की शब्द आपोआप समोर येतो.

जन्माबरोबर आलेलं असेल तर ‘उपजत’, ‘जात्याच’, ‘अंगभूत’, ‘निसर्गदत्त’, ‘जन्मजात’ हे शब्द. यांतही फरक आहे. ‘उपजत’ हा गुणांना शोभतो: उपजत समज, उपजत कसब. ‘जन्मजात’ गुण आणि दोष दोन्हींना चालतो, त्यामुळे ‘जन्मजात’ म्हटल्यावर क्षणभर आजाराची सावली पडते. ‘निसर्गदत्त’ म्हणजे देणगी, म्हणून तो गळा, रूप, बुद्धी यांच्याजवळ बरा दिसतो. प्राण्यांबद्दल बोलताना ‘सहजप्रेरणा’ किंवा ‘सहजप्रवृत्ती’. कॉनराड लोरेन्झ आणि निको टिन्बर्गन यांनी १९३८ साली राखी हंसिणीचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. अंडं घरट्याबाहेर घरंगळलं की ती चोचीखालच्या भागानं ते ओढत परत आणते, आणि मध्येच कुणी अंडं काढून घेतलं तरी मान ओढण्याची क्रिया पुरी करूनच थांबते. ही सहजप्रेरणा. हिला अंतर्दृष्टी म्हणता येणार नाही, कारण इथे काही ‘दिसलेलं’च नाही.

‘सहज’ या शब्दाकडे जरा वेळ पाहण्यासारखं आहे. सह म्हणजे बरोबर आणि ज म्हणजे जन्मलेलं. जे आपल्याबरोबरच जन्माला आलं ते सहज. व्युत्पत्तीनं पाहिलं तर ‘सहजज्ञान’ हा स्वाभाविक उमजेला अगदी चपखल शब्द ठरतो. पण आज ‘सहज आलो होतो’, ‘सहज जमलं’ असं म्हणणाऱ्या माणसाला या शब्दात ‘विनासायास’ आणि ‘काही हेतू नसताना’ हे अर्थ आधी ऐकू येतात. त्यामुळे तत्त्वज्ञानाच्या लेखात ‘सहजज्ञान’ चालेल, वर्तमानपत्री मजकुरात वाचक तो ‘सोपं ज्ञान’ असा वाचून जाईल.

अनुभवातून आलेलं असेल तर मराठी खरी श्रीमंत आहे. ‘जाण’, ‘नजर’, ‘मुरलेला’, ‘हात बसलेला’, ‘तयारीची नजर’. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली बुद्धिबळाच्या खेळाडूंवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला, की कसलेला खेळाडू नवख्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरे जागच्या जागी मांडून दाखवायचा. तेच मोहरे कसेही विखरून ठेवले की त्याचं हे श्रेष्ठत्व जवळपास संपायचं. म्हणजे स्मरणशक्ती अचाट नव्हती, पट ओळखीचा होता. सायमन यांनी पुढे म्हटलं की इंट्युइशन म्हणजे ओळखण्यापलीकडे दुसरं काही नाही. मराठी कारागीर हेच केव्हापासून म्हणत आला आहे: ‘नजर बसली.’ बसायला वेळ लागतो, हे त्या क्रियापदातच आहे.

याच घरात ‘ठोकताळा’ आणि ‘आडाखा’ राहतात. ठोकताळा म्हणजे अनुभवावरून बांधलेला ढोबळ नियम, आडाखा म्हणजे त्यावरून केलेला विशिष्ट अंदाज. ‘अटकळ’ आणि ‘कयास’ यांच्या जवळचे आहेत, पण त्यांत अनिश्चितता जास्त आहे. हाती थोडेफार धागे असतात आणि माणूस ते जुळवू पाहत असतो. ‘होरा’ ज्योतिषातून आलेला आहे, आणि संस्कृतनं तो ग्रीक ‘होरा’वरून घेतलेला आहे. आज मात्र निवडणुकीच्या निकालापासून सामन्यापर्यंत कुठेही तो निधर्मीपणे वावरतो. बेधडक वापरा.

एका क्षणी चमकलेलं असेल तर ‘सुचणं’, ‘स्फुरणं’, ‘उमगणं’, ‘लख्ख दिसणं’. बोलताना ‘डोक्यात उजेड पडला’ किंवा ‘ट्यूब पेटली’. शिक्षणशास्त्राच्या मराठी पुस्तकांत यासाठी ‘मर्मदृष्टी’ हा देखणा शब्द रुळलेला आहे. वुल्फगांग क्योलर यांनी तेनेरिफ बेटावर चिंपांझींचा अभ्यास केला. त्यांतल्या सुलतान नावाच्या चिंपांझीनं दोन आखूड काठ्या एकमेकींत खोचून लांब काठी केली आणि हाताबाहेरचं फळ ओढून घेतलं. त्याला मर्म दिसलं, म्हणून मर्मदृष्टी. हा शब्द वर्गाबाहेर फारसा आला नाही याची मला खंत वाटते. संशोधनात, वैद्यकात, समीक्षेत जिथे जिथे ‘इनसाइट’ असा शब्द येतो, तिथे ‘अंतर्दृष्टी’च्या आधी ‘मर्मदृष्टी’ बसते का, ते पाहा. अंतर्दृष्टी आत पाहते. मर्मदृष्टी गोष्टीच्या गाभ्याकडे पाहते. बहुतेक वेळा म्हणायचं असतं ते दुसरं.

‘प्रतिभा’ही याच घरातली, पण तिचं घराणं मोठं. प्रति आणि भा, म्हणजे समोर उजळणं. भर्तृहरीच्या ‘वाक्यपदीया’त वाक्याचा अर्थ कळणं हीच प्रतिभा मानली आहे: शब्द एकेक करून जोडत न बसता सगळा अर्थ एकदम उजळतो. काव्यशास्त्रात अभिनवगुप्तांचे गुरू भट्टतौत यांनी नवे नवे उन्मेष दाखवणाऱ्या प्रज्ञेला प्रतिभा म्हटलं, आणि मराठीनं हाच दुसरा अर्थ घेतला. त्यामुळे आज ‘प्रतिभावान’ म्हटलं की निर्मितीची शक्ती डोळ्यांसमोर येते, झटकन ओळखण्याची नाही. श्रीनिवास रामानुजन यांना प्रतिभावान म्हणणं सर्वार्थानं योग्य आहे. सिद्धता हाती नसतानाच त्यांना सूत्रं दिसत, आणि ती स्वप्नात नामगिरी देवी देते असं ते सांगत. पण गाडीचा आवाज ऐकून बिघाड ओळखणाऱ्या मेकॅनिकला प्रतिभावान म्हणू नका. त्याला कान आहे, जाण आहे.

बुद्धीपलीकडून आलं असं मजकूरच म्हणत असेल, तरच ‘अंतर्ज्ञान’, ‘दिव्यदृष्टी’, ‘साक्षात्कार’, ‘अतींद्रिय ज्ञान’. ‘अंतर्ज्ञानी’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या मनात सिद्धपुरुष उभा राहतो. समोरच्याच्या पोटातलं ओळखणाऱ्या साध्या माणसाला आपल्याकडे ‘मनकवडा’ आहेच. यात गूढ काही नाही, फक्त माया आणि लक्ष आहे.

पायरी ३: एका प्रसंगावर शब्द घासून पाहा

नुसत्या याद्या वाचून शब्द हाती लागत नाहीत. म्हणून एक प्रसंग घेऊ. निर्णयप्रक्रियेचे अभ्यासक गॅरी क्लाइन यांनी अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याची हकिगत नोंदवली आहे. एकमजली घराच्या मागच्या भागात आग लागली होती. तुकडी आत शिरली, पाण्याचा मारा केला, पण आग हटेना. खोली असायला हवी त्यापेक्षा जास्त तापलेली होती, आणि एवढ्या उष्णतेच्या मानानं आवाज फारच कमी होता. काय चुकतंय हे अधिकाऱ्याला सांगता येत नव्हतं, पण त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं. पाठोपाठ, ते जिथे उभे होते तिथली जमीन खाली कोसळली. आग तळघरात होती. अधिकारी स्वतः म्हणत राहिला की आपल्याला सहाव्या इंद्रियानं वाचवलं.

आता एकेक शब्द लावून बघा.

‘त्याला अंतर्ज्ञान झालं.’ नाही. इथे तापमान होतं, आवाज होता, पुरावे होते. फक्त ते शब्दांत आले नव्हते.

‘त्याला उपजतच कळलं.’ हेही नाही. कितीतरी आगी पाहिल्यानंतर ही आग वेगळी वाटली, जन्मतः नव्हे.

‘त्यानं अंदाज बांधला.’ बांधायला वेळ लागतो आणि बांधणाऱ्याला आपण काय बांधतोय हे माहीत असतं. त्याला माहीत नव्हतं.

‘त्यानं धोका ताडला.’ जवळ आलो. पण ताडणाऱ्याला धोक्याचं रूप कळलेलं असतं, आणि तळघर त्याच्या कल्पनेतही नव्हतं.

‘त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.’ फार चांगलं. अस्वस्थता आहे, कारण सांगता येत नाही. मात्र या वाक्प्रचारात संशयाचा रोख बहुधा माणसांवर असतो, म्हणून आगीच्या प्रसंगात तो किंचित लांबचा वाटतो.

‘त्याला धोक्याची चाहूल लागली.’ हेच. चाहूल म्हणजे पावलाचा अस्फुट आवाज. येणारा दिसत नाही, येतोय एवढं कळतं. आणि ती ऐकू यायला कान तयार असावा लागतो.

‘सहावं इंद्रिय’ हे त्या अधिकाऱ्याच्या तोंडी तसंच ठेवा. त्याला तसं वाटलं, ही त्याची गोष्ट आहे. निवेदनात मात्र चाहूल. अशा वेळी ‘कुणकुण’ मुळीच नको. कुणकुण बाहेरून, कुणाच्या तरी बोलण्यातून कानावर येते. बदलीची कुणकुण लागते, आगीची लागत नाही.

पायरी ४: नामाचा हात सोडा, क्रियापद धरा

इंग्रजी ही बाब नामात आणि विशेषणात बांधते. मराठीचा ओढा क्रियापदाकडे आहे, आणि इथे तर मराठी व्याकरणच मदतीला येतं. ‘मला सुचलं’, ‘तिला उमगलं’, ‘त्याला जाणवलं’, ‘आईला कळलं’: या सगळ्या वाक्यांत कळणारा माणूस ‘ला’ घेऊन येतो. तो करणारा नाही, त्याच्यापाशी काहीतरी येऊन पोचलेलं आहे. उलट ‘तिनं ओळखलं’, ‘त्यानं हेरलं’, ‘मी ताडलं’ यांत माणूस स्वतः काम करतो. पहिल्या गटात प्रयत्न न करता आलेली समज, दुसऱ्यात लक्ष देऊन पकडलेली. वाक्य लिहिण्याआधी एवढंच ठरवा: या माणसाला कळलं, की यानं ओळखलं? ठरलं की अर्धं भाषांतर झालं.

तिसरी रचना याहून जुनी आहे आणि मला सर्वांत प्रिय आहे. तिच्यात मनच बोलतं. वैशेषिक दर्शनाचे आचार्य प्रशस्तपाद यांनी प्रातिभ ज्ञानाचं, म्हणजे प्रतिभेनं एकदम होणाऱ्या ज्ञानाचं, उदाहरण देताना मोठ्या योग्याची गोष्ट सांगितली नाही. एक मुलगी म्हणते, ‘उद्या माझा भाऊ येणार, माझं हृदय मला सांगतंय.’ ऋषींना होणारं हे ज्ञान कधीमधी साध्या माणसांनाही होतं, असं त्यांचं म्हणणं. दीड हजार वर्षांच्या आसपासचं हे वाक्य आज कुणाच्याही तोंडी जसंच्या तसं आहे: ‘मन सांगतंय, तो येणार.’ ‘इंट्युइटिव्हली’ या क्रियाविशेषणाशी झगडत बसलेल्या प्रत्येकाला मी हीच वाट सुचवते. ‘ती अंतःप्रेरणेनं जाणत होती’ हे वाक्य खोडा आणि ‘तिचं मन तिला सांगत होतं’ असं लिहून पाहा.

एक सावधगिरी. ‘मन ग्वाही देतं’ याला वेगळा रंग आहे. तुकोबांचं ‘सत्य असत्यासी मन केलें ग्वाही’ मागे उभं असल्यामुळे तिथे बरं-वाईट, खरं-खोटं ठरवणारा साक्षीदार येतो. तो विवेक. मजकूर सदसद्विवेकाचा असेल तरच ‘ग्वाही’, ‘आतला आवाज’ किंवा ‘अंतरात्मा’.

मी बिघडवलेलं वाक्य शेवटी असं झालं: ‘अनुभवी परिचारिकेची नजर इतकी तयार असते की बाळाचं बिघडतंय हे तिला आधी कळतं, कारण नंतर सापडतं.’ मूळ विशेषण कुठेच राहिलं नाही, अर्थ मात्र पूर्ण आला.

पायरी ५: वस्तू, ॲप आणि गणित यांच्याबद्दल लिहिताना

‘या ॲपची रचना इंट्युइटिव्ह आहे’ यात कुणालाही ज्ञान झालेलं नाही. ‘अंतर्ज्ञानी ॲप’ असं छापलेलं मी पाहिलं आहे आणि ते निखालस चूक आहे. म्हणायचं असतं की न शिकवता वापरता येतं. मॅकिंटॉश संगणकाचा प्रकल्प सुरू करणारे जेफ रास्किन यांनी १९९४ साली एका टिपणात मुद्दा मांडला होता की अशा वेळी लोकांना खरं तर ‘ओळखीचं’ म्हणायचं असतं. माउस कधीच न पाहिलेल्या माणसाला त्याचं काय करायचं हे आपोआप कळत नाही. एकदा दाखवलं की लगेच जमतं. मराठीत ‘वापरायला सुटसुटीत’, ‘पाहताक्षणी कळेल असं’, ‘चटकन हाताळता येणारं’ हे पर्याय आहेत. ‘अंगवळणी पडणारं’ हा शब्द जरा उशिराचा: तो काही दिवस वापरल्यानंतरची स्थिती सांगतो.

याच्या उलटा शब्द, ‘काउंटर-इंट्युइटिव्ह’, विज्ञानलेखकांना सारखा लागतो. ‘प्रति-अंतर्ज्ञानी’ असा शब्द घडवू नका. उदाहरण घ्या: एका खोलीत अवघी २३ माणसं असली तरी त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. हे उत्तर कसं आहे? ‘मनाला पटकन न पटणारं’. ‘पहिल्या अंदाजाला खोटं पाडणारं’. ‘वाटतं त्याच्या अगदी उलट’. तिन्ही चालतात, आणि तिन्हींत वाचकाला जे प्रत्यक्ष होतं तेच लिहिलेलं आहे.

तत्त्वज्ञान आणि गणिताच्या पायाभूत चर्चेत मात्र बोलीतले शब्द अपुरे पडतात. तिथे ‘अंतःप्रज्ञा’ ही पारिभाषिक संज्ञा वापरा आणि लेखभर तीच ठेवा. लालित्यासाठी मध्येच ‘अंतर्ज्ञान’, मध्येच ‘स्फूर्ती’ असं केलं तर वाचकाला त्या तीन वेगळ्या संकल्पना वाटतील.

पायरी ६: लिहिताना होणाऱ्या चुका

‘अंतर्’ पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतं. पुढे मृदू व्यंजन किंवा स्वर असेल तर र टिकतो: अंतर्ज्ञान, अंतर्दृष्टी, अंतर्मन, अंतरात्मा. पुढे क किंवा प असेल तर विसर्ग: अंतःकरण, अंतःप्रेरणा, अंतःप्रज्ञा. त असेल तर स, म्हणून अंतस्तल. च असेल तर श, म्हणून अंतश्चक्षू. ‘अंतर्प्रेरणा’ आणि ‘अंतप्रेरणा’ ही दोन्ही रूपं सर्रास दिसतात, दोन्ही अशुद्ध.

‘दृष्टी’ आणि ‘स्फूर्ती’ हे शब्द सुटे असताना शेवटी दीर्घ. समासात पुढे शब्द आला की संस्कृतातलं ऱ्हस्व रूप परत येतं: दृष्टिकोन, स्फूर्तिदायक. ‘मर्मदृष्टी’त दृष्टी शेवटी असल्यामुळे दीर्घच. ‘उत्स्फूर्त’ म्हणजे आतून आपणहून उमटलेलं. ते टाळ्यांना, प्रतिसादाला, भाषणाला लागतं, समजेला नाही.

पायरी ७: कोश उलटा उघडा

शब्द ठरला की इंग्रजी-मराठी कोश मिटा आणि मराठीकडून सुरू होणारा उघडा. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९३८ या काळात निघालेला सात खंडांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ या कामी उत्तम. दोन्ही आंतरजालावर शोधता येतात. ‘चाहूल’, ‘अटकळ’, ‘ठोकताळा’, ‘मनकवडा’ हे शब्द तिथे जाऊन वाचा, आणि अर्थाइतकंच लक्ष त्या शब्दाबरोबर कुठलं क्रियापद येतं याकडे द्या. चाहूल लागते, अटकळ बांधतात, होरा चुकतो किंवा खरा ठरतो, नजर बसते, मर्म उमगतं. मग आपलं वाक्य मोठ्यानं वाचा. क्रियापद बदलावंसं वाटलं तर बहुधा शब्दच चुकलेला असतो. पायरी २ वर परत जा.